कळसूबाईच्या पायथ्याशी कोंबड्यांचा हिवाळा



थंडी पडली की तुम्ही काय करता? कपाटातून स्वेटर निघतो, कानटोपी निघते, गोधडीवर आणखी एक गोधडी येते. आई दहा वेळा हाक मारते आणि तुम्ही दहा वेळा “उठलो, उठलो” म्हणत कुशीवर वळता. खरं ना? पण ज्यांच्याकडे स्वेटर नाही, गोधडी नाही आणि तरीही ज्या उजाडल्याबरोबर पोटापाण्याच्या कामाला लागतात, अशा माझ्या दहा शेजारणींची आणि एका शेजाऱ्याची गोष्ट आज तुम्हाला सांगणार आहे. आमच्यामध्ये फक्त एक कुडाची भिंत. कारवीच्या काड्या उभ्या करून त्यावर शेणमाती लिंपलेली. रात्री त्यांची कुजबुज मला अंथरुणात ऐकू येते. त्या आहेत आमच्या आजींच्या कोंबड्या. आजी म्हणजे माझ्या घरमालकीणबाई.

चला तर मग, आमच्या वाडीला येता?

नाशिक-मुंबई रस्त्यावर घोटी लागतं. तिथून भंडारदऱ्याची एस.टी. पकडायची. थोड्या वेळानं डोंगर जवळ येऊ लागतात आणि कळसूबाईचं शिखर दिसतं. उंची १६४६ मीटर. भूगोलाच्या पुस्तकात तुम्ही वाचलेलं महाराष्ट्रातलं सर्वांत उंच ठिकाण ते हेच. पुढे प्रवरा नदीवरचं भंडारदरा धरण आहे, १९२६ साली बांधून पूर्ण झालेलं. हा सगळा भाग अकोले तालुक्यात येतो. जिल्हा अहिल्यानगर, म्हणजे पूर्वीचा अहमदनगर. या डोंगरांच्या कुशीत छोट्या छोट्या वाड्या आहेत. त्यातल्या एका वाडीत माझी शाळा आहे.

पावसाळ्यात इथे इतका पाऊस पडतो की समोरचं घर दिसत नाही. पण डिसेंबरात आलात तर चित्र अगदी वेगळं. भात कापून झालेला असतो. अंगणात पेंढ्याच्या गंजी उभ्या. आभाळ स्वच्छ निळं. आणि थंडी? पारा दहाच्या खाली उतरतो तेव्हा हंड्यातल्या पाण्यात हात घातला की बोटं आपली राहत नाहीत. डोंगराच्या सावलीमुळे ऊनही आमच्या अंगणात उशिराच पोचतं.

पण आमचा तुर्रेबाज उन्हाची वाट बघत नाही. तुर्रेबाज म्हणजे आमचा कोंबडा. बाहेर काळोख असतानाच तो खुराड्यातून “कुकूच कू” अशी आरोळी ठोकतो. त्याला कसं बरं कळतं पहाट झाली ते? त्याच्या शरीरातच एक घड्याळ असतं. जपानमधल्या नागोया विद्यापीठातल्या शास्त्रज्ञांनी कोंबड्यांना सतत मंद उजेडात ठेवून पाहिलं. दिवस-रात्र कळायला काही मार्गच नव्हता. तरी कोंबडे आपल्या वेळेला आरवले. हा प्रयोग २०१३ साली प्रसिद्ध झाला. आमच्या आजींनी तो वाचलेला नाही, पण त्या म्हणतात, “कोंबड्याच्या पोटात घड्याळ असतंय.” झालं की नाही एकमत?

आरवणं झालं तरी खुराड्याची फळी आजी लगेच काढत नाहीत. दवानं गवत ओलं असतं. जरा ऊब आली की मग फळी बाजूला होते आणि एकेक स्वारी बाहेर पडते. पहिली काळी, मग चांदणी, मग टोपीवाली. हा क्रम सहसा चुकत नाही. कोंबड्यांमध्ये मानपान फार! कुणी कुणाला टोचायचं आणि कुणी गुपचूप बाजूला व्हायचं हे ठरलेलं असतं. नॉर्वेमधल्या एका मुलाला लहानपणी घरच्या कोंबड्या न्याहाळण्याचा नाद होता. तो त्यांची टिपणं ठेवायचा. मोठेपणी तो शास्त्रज्ञ झाला. थॉर्लीफ श्येल्डेरुप-एब्बे त्याचं नाव. कोंबड्यांचा हा मानाचा क्रम त्यानेच १९२० च्या दशकात जगाला समजावून सांगितला. म्हणून म्हणते, अंगणात बसून कोंबड्या बघणाऱ्या मुलाला कुणी रिकामटेकडा म्हणू नये!

आता तुम्ही विचाराल, “बाई, पण त्यांना थंडी वाजत नाही का?”

वाजते ना. पण त्यांची तयारी बघा. आपल्या अंगाची उष्णता असते सुमारे ३७ अंश सेल्सिअस. कोंबडीची असते ४१ च्या आसपास. एवढा ताप आपल्याला आला तर डॉक्टरांकडे पळावं लागेल! ही ऊब टिकवायला तिच्याकडे पिसं आहेत. थंडी वाजली की कोंबडी पिसं फुलवून चेंडूसारखी होते. पिसांच्या मधे हवा अडकते आणि ही अडकलेली हवा ऊब बाहेर जाऊ देत नाही. आपली गोधडी हेच करते. झोपताना पाय पोटाच्या पिसांत, डोकं पंखाखाली आणि शेजारणीला चिकटून बसणं. झाली की नाही गोधडी तयार? संध्याकाळी आजी त्यांना मूठ मूठ नागली नाहीतर भाताची कणी टाकतात. ते दाणे रात्रभर पोटात पचत राहतात आणि अंगात ऊब तयार होते. चुलीत लाकूड सारल्यासारखंच.

इथे माझी एक फजिती सांगते. वाडीवरचा माझा तो पहिला हिवाळा. एके रात्री वारा इतका बोचरा सुटला की मला कोंबड्यांची फार दया आली. मी खताच्या रिकाम्या गोण्या घेतल्या आणि खुराड्याची सगळी भोकं, सगळ्या फटी बंद करून टाकल्या. समाधानानं झोपले. सकाळी फळी काढली तर आतून असा उग्र वास आला की डोळ्यांतून पाणीच! आतली भिंत ओली. गोणीवर पाण्याचे थेंब. दोन कोंबड्या शिंकत होत्या.

आजी रागावल्या नाहीत. त्यांनी गोण्या काढल्या आणि म्हणाल्या, “बाई, थंडी कोंबडीला मारीत नाय. वल मारती.”

वल म्हणजे ओल. किती खरं! कोंबड्या रात्रभर श्वास सोडतात, त्यात वाफ असते. विष्ठेतही पाणी असतं आणि तिच्यातून अमोनिया नावाचा झोंबणारा वायू निघतो. हे सगळं बाहेर जायला वाट नसली तर पिसं दमट होतात. ओली गोधडी पांघरून बघा बरं, ऊब येते का? म्हणून खुराड्यात वारा थेट अंगावर येऊ नये, पण वरच्या बाजूनं हवा खेळती राहावी. खाली आम्ही गिरणीतून आणलेला भाताचा तूस पसरतो. तो ओल शोषून घेतो. दर दोन-चार दिवसांनी तो खालीवर करायचा, फारच ओला झाला तर काढून शेतात टाकायचा. फुकटचं खत! आणि एक गोष्ट नीट लक्षात ठेवा. कोंबड्यांना ऊब म्हणून बंद खुराड्यात कोळशाची शेगडी कधी ठेवू नका, आणि आपणही बंद खोलीत शेगडी पेटवून झोपू नका. तिच्यातून निघणाऱ्या विषारी वायूला वास नसतो. तो कळतही नाही आणि जीव घेतो.

दुपारी कोंबड्यांची आंघोळ असते. पाण्याची नाही, धुळीची! चुलीची राख आजी कोपऱ्यातल्या मातीत मिसळून ठेवतात. त्यात कोंबड्या अशा लोळतात की पिसांतल्या उवा, किडे हैराण होतात. आणि मग सगळ्या जणी उन्हात एक पंख पसरून निवांत पडतात. नवखा माणूस घाबरून म्हणतो, “अरेरे, मेल्या की काय!”

हिवाळ्यात अंडी मात्र कमी मिळतात. पूर्वी मला वाटायचं, थंडीमुळे. पण खरं कारण उजेड आहे. कोंबडीच्या शरीराला दिवस मोठा की लहान हे कळतं. दिवस चौदा-पंधरा तासांचा असला तर ती भरपूर अंडी देते. आपल्याकडे २१-२२ डिसेंबरच्या सुमारास दिवस जेमतेम अकरा तासांचा असतो. मग तिचं शरीर म्हणतं, आता विश्रांती. याच सुमारास काही कोंबड्यांची जुनी पिसं गळून नवी येतात. तेव्हा त्या इतक्या केविलवाण्या दिसतात की मुलं त्यांना हसतात. हसू नका. नवं अंगडं शिवायला वेळ लागतोच.

आता जरा वेगळी गोष्ट सांगायची आहे. ती सांगताना मला अजून अवघड वाटतं. पण मुलांना चूक कबूल करायला आपण शिकवतो, मग बाईंनी का करू नये?

२०२३ च्या डिसेंबरात मी बाजारातून एक देखणा कोंबडा आणला. तांबडा, हिरवट काळी शेपटी. संध्याकाळ झाली होती, मी त्याला तसाच आमच्या कोंबड्यांत सोडून दिला. आजी तेव्हा लेकीकडे गेल्या होत्या. पाच-सहा दिवसांनी तो कोंबडा पंख पाडून एका जागी बसू लागला. हिरवी पातळ विष्ठा, चोच उघडून श्वास. दुसऱ्या दिवशी त्याची मान वाकडी झाली. आजी परत आल्या, त्यांनी नुसतं पाहिलं आणि एकच शब्द उच्चारला. “मानमोडी.”

या रोगाचं पुस्तकातलं नाव राणीखेत. उत्तराखंडातल्या राणीखेत गावावरून आपल्या देशात हे नाव पडलं. विषाणूमुळे होतो, आणि एकदा झाला की त्यावर औषध नाही. आमच्या बारा पक्ष्यांतले चार उरले. आमच्यावरच थांबलं असतं तर निदान दुसऱ्याचं नुकसान झालं नसतं. पण कोंबड्यांना कुंपण कुठलं? शेजारच्या घरातला एक मुलगा माझ्या वर्गात चौथीत होता. त्यांच्याकडे आठ कोंबड्या होत्या. त्यातले दोन कोंबडे विकून जूनमध्ये त्याला पत्र्याची पेटी घ्यायची असं ठरलं होतं. पाचवीला तो आश्रमशाळेत राहायला जाणार होता, तिथे सामान ठेवायला पेटी हवी. चार दिवसांत त्यांच्या सहा कोंबड्या गेल्या. दोन्ही कोंबडे त्यातच.

तो शाळेत आला. रडला नाही. गणितं सोडवली, सगळी बरोबर. वही दाखवायला आला तेव्हा हळूच म्हणाला, “बाई, तुमचा कोंबडा बाजारातून आणला व्हता ना?”

मी म्हटलं, “हो रे.”

तो पुढे काही बोलला नाही. मीही नाही.

पशुवैद्यकीय दवाखान्यातले डॉक्टर वाडीवर आले तेव्हा त्यांनीही पहिला प्रश्न हाच विचारला, नवीन पक्षी कुणी आणला होता का? मी हात वर केला, वर्गात तुम्ही करता तसा. डॉक्टर म्हणाले, “नवा पक्षी आणला की पंधरा-वीस दिवस वेगळा ठेवायचा. त्याचं पाणी वेगळं, दाणे वेगळे. तो धडधाकट राहिला तरच इतरांत सोडायचा. आणि लस वेळेवर द्यायची. या रोगाला आधी अडवता येतं, नंतर नाही.” मेलेल्या कोंबड्या आम्ही खोल खड्ड्यात चुना टाकून पुरल्या. खुराडं घासून धुतलं, चुन्यानं पांढरं केलं. उरलेल्या चार जणींना मागच्या पडवीत वेगळं ठेवलं आणि खुराडं कित्येक आठवडे रिकामंच ठेवलं. भिंतीपलीकडची कुजबुज बंद झाली. मला झोप येईना.

पेटीचे पैसे मी त्या मुलाच्या वडिलांना देऊ लागले. त्यांनी घेतले नाहीत. “बाई, तसं नको,” एवढंच म्हणाले. त्यावर तोड काढली आजींनी. उरलेल्या चारांत चांदणी होती आणि जानेवारीच्या अखेरीस ती खुडूक झाली. खुडूक म्हणजे काय माहीत आहे ना? अंडी उबवायची वेळ झाली की कोंबडी एका जागी ठाण मांडते, जवळ गेलं की पिसं फुलवून गुरगुरते. आजी त्या मुलाच्या वडिलांना म्हणाल्या, “चांदणी तुम्हाला अर्धलीनं देते. सांभाळा. पिल्लं निघतील ती निम्मी तुमची, निम्मी आमची.” आमच्याकडे ही जुनी रीत आहे. यात कुणी देणारा नाही आणि कुणी घेणारा नाही. ते लगेच हो म्हणाले.

आजींनी दूरच्या वाडीतून, जिथे रोग पोचला नव्हता, बारा अंडी आणली. एका पाटीत पेंढा घालून चांदणीला त्यांवर बसवलं. स्वतःची की दुसरीची, हे कोंबडी बघत नाही. दिवसातून एकदाच ती उठायची, चार दाणे टिपायची, पाणी प्यायची आणि धावत परत. चोचीनं अंडी सारखी फिरवायची, म्हणजे सगळ्या बाजूंना सारखी ऊब. सातव्या रात्री आम्ही अंधारात एकेक अंडं बॅटरीसमोर धरलं. दहा अंड्यांत लाल धाग्यांचं जाळं दिसलं. मुलांचे डोळे बघायला हवे होते तुम्ही! दोन अंडी मात्र नुसती स्वच्छ होती, ती काढून टाकली.

विसाव्या दिवशी त्या मुलानं अंड्याला कान लावला. “बाई, आतून बोलतंय!” खरंच, पिल्लं कवचातूनच चिवचिवतात आणि आई त्यांना उत्तर देते. एकविसाव्या दिवशी चोचीच्या टोकावरच्या इवल्याशा दातानं कवच फोडून नऊ पिल्लं बाहेर आली. हा दात पुढे काही दिवसांत गळून पडतो. बाहेर येण्याआधी पिल्लू अंड्यातला उरलेला बलक पोटात ओढून घेतं, म्हणून पहिले दोन दिवस त्याला खायला नसलं तरी चालतं. ऊब मात्र हवीच हवी. चांदणीच्या पंखाखाली नऊच्या नऊ मावायची. वर डालगं पालथं घातलं की मुंगूस, रानमांजर यांची भीती नाही.

सातव्या दिवशी आम्ही ती पिल्लं टोपलीत घालून दवाखान्यात नेली. प्रत्येकाच्या डोळ्यात लसीचा एक थेंब. पिल्लानं डोळा मिटला की काम झालं.

तुम्हाला वाटेल, गोष्ट इथे गोड झाली. पण पिल्लं जूनपर्यंत विकण्याएवढी मोठी झाली नव्हती. तो मुलगा आश्रमशाळेत गेला तो गोणपाटाची पिशवी घेऊन. पेटी मिळाली ती दिवाळीला. दोन कोंबडे विकून त्याच्या वडिलांनी निळी पेटी आणली. त्यावर त्यानं स्वतःच्या हातानं नाव घातलं.

२०२४ च्या त्याच दिवाळीच्या सुट्टीत आम्ही अख्ख्या वाडीचं लसीकरण केलं. यातली गंमत ऐका. मोठ्या कोंबड्यांच्या लसीच्या एका बाटलीत शंभर कोंबड्यांपुरती लस असते. ती बर्फात ठेवूनच आणावी लागते आणि एकदा कालवली की तासा-दोन तासांत संपवावी लागते. म्हणजे एकट्यानं आणून उपयोग नाही. सगळ्या घरांनी एकाच वेळी यायला हवं! मुलांनी आदल्या दिवशी घरोघर निरोप दिला, “उद्या सकाळी कोंबड्या सोडू नका.” दुसऱ्या दिवशी शाळेच्या पटांगणात टोपल्या, पाट्या, डालगी यांची रांग लागली. काय तो कलकलाट! एका आजोबांचा कोंबडा निसटून कौलांवर जाऊन बसला, त्याला उतरवता उतरवता सगळ्यांची दमछाक. डॉक्टर पंखाखालच्या कातडीत सुई टोचत होते आणि पेटीवाला तो मुलगा वहीत घरवार आकडे लिहीत होता. शेवटी त्यानं बेरीज केली. त्र्याण्णव. मग म्हणाला, “बाई, सात कोंबड्यांची लस वाया गेली. पुढच्या वर्षी पलीकडच्या वाडीलाही सांगू.”

आता मी हे लिहिते आहे तेव्हा रात्र झाली आहे. बाहेर वारा आहे. खुराड्यात अकरा जण आहेत, मी मघाशी मोजून आले. चांदणी आता म्हातारी झाली, अंडी क्वचितच देते. पण आजी तिला विकू देत नाहीत. भिंतीपलीकडून मधेच एखादी झोपेत “कर्र्र” करते आणि पुन्हा सामसूम होते.

मित्रांनो, तुमच्या घरी कोंबड्या असतील तर उद्या संध्याकाळी एवढं करा. खुराड्यात हात घालून तूस कोरडा आहे का ते पाहा. वरून हवा येते ना, तेही पाहा. आणि लस कधी दिली होती ते आईबाबांना विचारा. कोंबड्या नसतील तर मामाच्या, आत्याच्या गावी गेल्यावर विचारा. उत्तर “आठवत नाही” असं आलं, तर तुम्हीच एक वही करा आणि तारीख लिहून ठेवा. आणि हो, बाजारातून आणलेला कोंबडा कितीही देखणा असला, तरी पंधरा-वीस दिवस वेगळा!

कराल ना एवढं?

तुमच्या,
वाडीवरच्या बाई